बारावी कुठून केली, यावर पुढचं बरंच काही ठरतं

दहावीचा निकाल लागला की कोकणात घरोघरी एकच खल सुरू होतो. पोराला तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात घालायचं, रत्नागिरी-चिपळूणला ठेवायचं, की कोल्हापूर, लातूर, पुण्याला पाठवायचं? मुंबईचा काका फोनवर सांगतो, इकडेच पाठवा, आमच्याकडे राहील. शेजारच्या वाडीतला कुणीतरी लातूरला जाऊन डॉक्टर झालेला असतो, त्याचं नाव निघतं. आणि सगळी चर्चा 'कुठलं कॉलेज नावाजलेलं' यावर येऊन थांबते.

इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या प्रवेशयादीत ज्युनिअर कॉलेजच्या नावाला एकही गुण नाही. पण बारावी कुठल्या जिल्ह्यातून झाली, कुठल्या राज्यातून, कुठल्या मंडळातून आणि कुठले विषय घेऊन, हे चार रकाने अर्जात असतात, आणि त्यावर जागा मिळतात किंवा जातात. त्यांचा विचार दहावीनंतरच्या त्या पंधरा दिवसांत करायचा असतो. बारावीनंतर काही बदलता येत नाही.

आधी निकालाबद्दल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आपलं कोकण विभागीय मंडळ आहे आणि स्थापनेपासून ते निकालात राज्यात पुढे राहिलं आहे. २०२५ मध्ये राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के होता, कोकणाचा ९६.७४. दहावीला राज्य ९४.१०, कोकण ९८.८२. कॉपी न करता, नियमित शाळा करून मिळवलेलं हे यश आहे आणि त्याचा अभिमान असायलाच हवा. पण हा आकडा 'किती मुलं पास झाली' हे सांगतो. निवडक कॉलेजांतला प्रवेश पर्सेंटाइलवर होतो, म्हणजे राज्यातल्या किती मुलांच्या तुम्ही पुढे आहात त्यावर. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या ज्युनिअर कॉलेजातून सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, ९५ पर्सेंटाइलच्या वर एकही मूल नसणं सहज शक्य आहे. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा निकालाचा फलक वाचून परत येऊ नका. मागच्या तीन वर्षांत सीईटीला आणि मेडिकलच्या नीटला इथल्या मुलांना किती मिळाले, तेवढं विचारा. ज्यांच्याकडे हा हिशोब ठेवलेला असतो ते लगेच सांगतात.

आता पत्त्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

राज्याच्या इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशात 'होम युनिव्हर्सिटी' असा प्रकार आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत साधारण ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी आणि ३० टक्के हद्दीबाहेरच्यांसाठी धरतात. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेल्या मुलाची हद्द ठरते ती बारावी ज्या जिल्ह्यातून पास झाला त्यावरून. राहण्याच्या पत्त्यावरून नाही, रेशनकार्डावरूनही नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठात येतात. म्हणजे गुहागर, देवगड किंवा श्रीवर्धनला बारावी केलेलं मूल मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या कॉलेजांसाठी घरचंच. तेच मूल बारावीला कोल्हापूरला गेलं की शिवाजी विद्यापीठाचं होतं, लातूरला गेलं की नांदेडच्या विद्यापीठाचं आणि पुण्याला गेलं की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. मग मुंबईच्या कॉलेजात त्याला ३० टक्क्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

याचा अर्थ बाहेर जाणं चूक, असा नाही. मुलाला पुढे पुण्यातच शिकायचं असेल तर पुणे जिल्ह्यातून बारावी केल्याचा तिथे फायदाच आहे. आधी पुढची चार वर्षं कुठे काढायची ते ठरवावं आणि मग अकरावीचं कॉलेज बघावं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. त्यात प्रत्येक शाखेखाली 'जीओपीईएनएच', 'जीओपीईएनओ', 'जीओपीईएनएस' असे संकेत दिसतात. पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण, तिथे एल असेल तर मुलींची जागा. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटच्या अक्षरावर बोट ठेवा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीची जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांची आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. मुंबईचं व्हीजेटीआय किंवा पुण्याचं सीओईपी अशा ठिकाणी एस दिसेल. तिथे बारावीच्या जिल्ह्याने काही फरक पडत नाही. तुमच्या मनातली पाच-सहा कॉलेजं काढा, त्याच शाखेचे एच आणि ओ चे आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि अकरावीला जिल्हा बदलण्याची किंमत पर्सेंटाइलमध्ये दिसेल. कुठे ती नगण्य असते, कुठे चांगलीच जाणवते. नियमांत दरवर्षी थोडेफार बदल होतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचायचीच. ती इंग्रजीत आणि लांबलचक असते, पण पात्रता आणि जागावाटप ही दोन प्रकरणं वाचली तरी पुरे.

मेडिकलला हा विद्यापीठाचा प्रश्न नाही. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असं प्रादेशिक ७०:३० वाटप होतं, ते २०२० मध्ये रद्द झालं. आता राज्याच्या गुणवत्ता यादीत ओरोस, रत्नागिरी, अलिबागचं सरकारी मेडिकल कॉलेज जितकं आपल्या मुलांचं तितकंच नागपूरच्या मुलांचं. तिथे फक्त नीटचे ७२० पैकी गुण चालतात. पण राज्य मात्र फार महत्त्वाचं आहे, आणि ही गोष्ट सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्या पालकांनी नीट ऐकावी.

दोडामार्गहून म्हापसा-डिचोली जवळ, रस्ता चांगला, नातेवाईकही तिकडेच. त्यामुळे अकरावी-बारावीला मुलांना गोव्यात घालणं तिथल्या घरांना स्वाभाविक वाटतं. पण महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेली असावी लागते. केंद्र सरकारी नोकरीतली बदली, सैन्यदल असे मोजके अपवाद सोडले तर ही अट कडक आहे. गोव्यातून बारावी केली की हा कोटा हातचा गेला. आणि गोव्याच्या कोट्यासाठी तिथल्या अनेक वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, ती दोडामार्गच्या मुलाकडून पुरी होत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. राहतो तो १५ टक्के अखिल भारतीय कोटा, जिथे स्पर्धा देशभराची. इंजिनिअरिंगला आई-वडिलांच्या महाराष्ट्र अधिवासावर राज्याच्या प्रवेशात येता येतं, तिथे इतकं नुकसान नाही. केंद्राच्या एनआयटी या इंजिनिअरिंग संस्थांतल्या ५० टक्के 'होम स्टेट' जागांसाठी मात्र बारावी ज्या राज्यातून केली तेच राज्य धरतात. गोव्यातून बारावी केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीत मूल बाहेरचं आणि गोव्याच्या एनआयटीत घरचं. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्या शाळेत नुसतं नाव घातलेल्यांचंही असंच होतं, कागदावर ते मूल राजस्थानचं होतं. शिवाय हजेरी न लावता परीक्षेला बसवणाऱ्या शाळांवर मंडळांची नजर आहे. ऐन बारावीला परीक्षेचा अर्ज अडकला तर क्लासवाले सोडवायला येत नाहीत.

मंडळ कुठलं, राज्य की सीबीएसई, यावर जितका वाद होतो तितका फरक निकालात दिसत नाही. राज्य मंडळाची अकरावीची नवी पुस्तकं २०१९ला आणि बारावीची २०२०ला आली, ती केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या बरीच जवळ आहेत. नीटला मात्र जीवशास्त्राचं एनसीईआरटी ओळ न ओळ लागतं, ते राज्य मंडळाच्या मुलाने वेगळं विकत घेऊन वाचावं. आणि जेईई देणाऱ्यांनी एक अट विसरू नये. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. यात भाषेचेही गुण धरतात. फक्त भौतिक, रसायन, गणित घोकणारी मुलं इंग्रजी-मराठीत घसरतात आणि इथे अडतात.

आपल्या शाळांची खरी कमजोरी वेळापत्रकात आहे. एमएचटी-सीईटीत प्रत्येक विषयाच्या ५० प्रश्नांपैकी साधारण १० अकरावीवर आणि ४० बारावीवर असतात. भौतिक आणि रसायनाचे प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे दोन-दोन गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत आणि गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. या रचनेत ज्या कॉलेजात गणिताचा शिक्षक नसतो त्या कॉलेजातलं मूल निम्म्या पेपरात एकटं पडतं. आणि कोकणात हे वारंवार घडतं. जागा रिक्त असते, तासिका तत्त्वावर कुणी येतो, ऑगस्टमध्ये रुजू होतो, दुसरीकडे काम मिळालं की डिसेंबरात जातो. त्यात जून-जुलैचा पाऊस, दरड, बंद पडलेली एसटी आणि भाद्रपदात गणपती. शिमग्याला बारावीची परीक्षा चालू असते किंवा नुकती संपलेली असते. ओळीने मोजलं तर बारावीच्या वर्षात शिकवायला मिळणारे दिवस फार कमी उरतात, कारण २०२५ मध्ये लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात जाऊन शिक्षकांना थेट विचारा. भौतिक आणि गणिताला कायम शिक्षक आहे का? मागच्या वर्षी बारावीचा अभ्यासक्रम कोणत्या महिन्यात संपला? डिसेंबरअखेर संपत असेल तर ठीक, जानेवारीअखेर 'कसाबसा' संपत असेल तर सरावाला वेळच राहत नाही. अकरावीची परीक्षा गांभीर्याने घेतात की सगळ्यांना पुढे ढकलतात? बहुतेक ठिकाणी अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष असतं. सीईटीत त्याचा फटका २० टक्क्यांचा बसतो, पण नीट आणि जेईईत जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा आहे. संगणकावर सराव परीक्षा घेतात का? सीईटी आणि जेईई दोन्ही संगणकावरच होतात, आणि माउस हातात पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी धरणारी मुलं आजही आहेत. शेवटचा प्रश्न वाहतुकीचा. जादा तास साडेपाचला सुटत असतील आणि वस्तीची गाडी पाचला निघत असेल, तर ते जादा तास तुमच्या मुलासाठी नाहीत. रोज तीन तास प्रवास करणाऱ्या मुलाला आठवड्याला अठरा तास कमी मिळतात. अशा वेळी तालुक्याला एखादी खोली किंवा वसतिगृह घेणं लातूरच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि जास्त उपयोगाचं पडतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक बारीक गोष्ट. सीईटीचा भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा पेपर मराठीतही असतो, गणिताचा फक्त इंग्रजीत. नीट आणि जेईई मेनला मराठीची सोय आहे. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी नसेल तर मे-जूनच्या सुट्टीत नववी-दहावीच्या गणिताचं इंग्रजी पुस्तक एकदा वाचून काढावं. शब्द शंभर-सव्वाशेच असतात, महिन्याभरात अंगवळणी पडतात.

विषयांबद्दल थोडक्यात. लहान कॉलेजात निवड कमी असते, आणि जे शिकवतात तेच घ्यावं लागतं. पण काही दारं विषयावरच उघडतात किंवा बंद होतात. मर्चंट नेव्हीच्या आयएमयू-सीईटीला भौतिक, रसायन, गणितात सरासरी ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. किनारपट्टीवरच्या कितीतरी मुलांचं हे स्वप्न असतं आणि ते इंग्रजीवर अडतं. मत्स्यविज्ञानाला जीवशास्त्र लागतं. आर्किटेक्चरला गणित आणि भौतिक. दहावीनंतर नक्की ठरलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावं, ओझं झालं तर दिवाळीनंतर ठरवावं कुठल्या गटाची सीईटी द्यायची.

मुंबईला पाठवण्याचा फायदा फक्त एका बाबतीत स्पष्ट आहे. बीए, बीकॉम, बीएस्सीला मुंबईतली नावाजलेली कॉलेजं आपल्याच ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना आधी प्रवेश देतात. म्हणजे तिथे पदवी करायची असेल तर अकरावीलाच शिरणं सोपं. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे, दहा पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तो प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या क्रमांकावर उगाच काही भरू नये. यादीत इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांच्या) आणि अल्पसंख्याक कोट्याच्या जागा वेगळ्या असतात, त्या वजा करून मग आपल्याला किती उरतात ते बघावं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणीला ७, बी ला ५ आणि सी ला ३ वाढीव गुण दहावीत मिळतात. पण ती परीक्षा शाळेने भरून घ्यायला हवी, आणि कलाशिक्षक नसलेल्या शाळांत ती होतच नाही. जवळच्या केंद्रशाळेतून बसता येतं का, ते आठवीतच विचारून ठेवा.

खरं तर शाळेचा सगळ्यात मोठा लाभ पाचवीत आणि आठवीत मिळतो आणि तिथेच आपण गाफील राहतो. सावंतवाडी तालुक्यात सांगेली, राजापूर तालुक्यात पडवे आणि रायगडात निजामपूर इथे नवोदय विद्यालयं आहेत. सहावीपासून बारावीपर्यंत निवासी, सीबीएसई, जवळपास मोफत, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. प्रवेशासाठी पाचवीत असताना ८० प्रश्नांची, दोन तासांची परीक्षा द्यायची. नवोदयच्या मुलांसाठी दहावीनंतर दक्षणा फाउंडेशनचं जेईई-नीटचं मोफत प्रशिक्षणही आहे, निवड परीक्षेतून. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पण फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. हौसेने विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेलं मूल इथे पात्रच नसतं. गावच्या हायस्कूलचा हा हक्काचा पैसा आहे आणि क्लासची फी त्यातून निघते.

परदेशाचा विचार करणारी मुलं कोकणात थोडी आहेत, पण आहेत. अमेरिकेत शाळा थेट मोजली जाते. कॉमन ॲप या सामायिक ऑनलाइन अर्जावर नववीपासूनचे गुण, समुपदेशकाचं पत्र आणि शाळेची माहिती देणारं पान शाळेनेच चढवायचं असतं. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी तिथल्या अतिनिवडक विद्यापीठांचा अभ्यास मांडला. सारखेच परीक्षागुण असूनही अतिश्रीमंत घरच्या मुलांना प्रवेश कितीतरी जास्त मिळतो, आणि त्यामागे खासगी शाळांतून उजळ होऊन येणारे अभ्यासेतर शेरे हे एक कारण आहे, असं त्यांना दिसलं. पण तिथले प्रवेश अधिकारी मुलाला त्याच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्या चौकटीत बघतात. वैभववाडीच्या हायस्कूलमध्ये विज्ञानमंडळ नव्हतं, दोन शिक्षकांवर विज्ञान शाखा चालते, हे मुख्याध्यापकांनी त्या पानावर सरळ लिहावं. ते कमीपणाचं नाही, मुलाच्या बाजूचंच आहे. समुपदेशक नसेल तर मुख्याध्यापक ती भूमिका घेऊ शकतात. त्यांना जुलैतच सांगून ठेवा, कारण लवकरच्या अर्जाची मुदत बहुधा १ नोव्हेंबर असते आणि ऑक्टोबरात सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते.

आता दाखला. राखीव प्रवर्गाची जागा मिळवायला जात पडताळणी लागते आणि तिचा पाया शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद हा आहे. कुणबी, भंडारी अशा इतर मागास प्रवर्गातल्या मुलांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडतो. मुलाच्या दाखल्यावर एक जात लिहिलेली, वडिलांच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू' आणि आजोबांच्या उताऱ्यात आडनावाऐवजी गावाचं नाव, असं असलं की प्रकरण समितीपुढे रेंगाळतं आणि कॅपची फेरी निघून जाते. मूल शाळेत असताना नोंद दुरुस्त करणं तुलनेनं सोपं असतं, शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय रजिस्टरला हात लावता येत नाही. अल्पसंख्याक कोट्यातून मुंबईच्या एखाद्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या दापोलीच्या मुस्लिम किंवा वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती मुलालाही धर्माची नोंद दाखल्यावर स्पष्ट हवी.

नववीच्या वर्षी शाळेत जाऊन रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी वाचा. नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी, आणि आईचं नाव, जन्मगाव, जात-पोटजात घरच्या बाकीच्या कागदांशी अक्षर न अक्षर जुळते का ते पाहा, आणि नसेल तर दहावीचा अर्ज भरण्याआधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पडताळणीचा प्रस्ताव अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळाल्याबरोबर कॉलेजमार्फत पाठवा, बारावीच्या मे महिन्याची वाट बघू नका. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मात्र मुदतीचं असतं आणि ३१ मार्चला संपतं, त्यामुळे ते प्रवेशाच्या वर्षाचं चालू असेल असंच काढायचं.